मूठभर सोडे

उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत आमच्या घरात मांसाचा एक तुकडाही शिजला नाही, आणि हे व्रत आमच्या घराण्याने तीन पिढ्या अखंड पाळले. वाक्य वाचायला बरे वाटते. बाबा गेले तेव्हा मंडळीच्या पत्रिकेसाठी मी चार ओळी लिहून दिल्या, त्यात ते घातलेही होते. उरलेल्या वर्षातही आमच्याकडे मांस फारसे शिजत नसे, हे तिथे लिहिले नाही. नाताळला एकदा, ईस्टरला एकदा, आणि कुणाचे लग्न निघाले तर तिथे पानात पडेल तेवढे. बाकी ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी. राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आम्ही घरी यायचो आणि काल जे भूक म्हणून जेवलो होतो तेच आज व्रत म्हणून जेवायचो. चव तीच असायची. फक्त बाबा जेवणाआधीची प्रार्थना जरा लांबवायचे, त्यामुळे वरण निवायचे.

बाबा मेहकरच्या आमच्या अकरा कुटुंबांच्या मंडळीचे धर्मशिक्षक होते. गाव त्यांना मास्तर म्हणायचे. हुद्दा ऐकायला भारदस्त होता; काम म्हणजे झाडू मारणे, मेणबत्त्या लावणे, मुलांकडून बायबलमधल्या दहा आज्ञा पाठ करून घेणे आणि फादर आले की त्यांच्या मोटरसायकलवरची धूळ पुसणे. बसस्टँडच्या मागे पत्र्याची एक लांबट खोली होती, तिला आम्ही देऊळ म्हणायचो. घंटा नव्हती. कडुनिंबाला रेल्वेरुळाचा एक तुकडा टांगलेला होता, आणि आमच्या तालुक्यात रेल्वेच नसल्यामुळे तो कुठून आला असेल यावर मोठी माणसे वर्षानुवर्षे बोलत. बाबा लोखंडी दांड्याने तो बडवू लागले की स्टँडवर नवखे प्रवासी गाडी सुटली समजून पळायचे. बाबांना वाटायचे लोक प्रार्थनेच्या ओढीने पळतात. निदान ते तसे म्हणायचे.

घर देवळाला चिकटून होते, दोन खोल्यांचे. उपवासकाळ नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर येतो, म्हणजे आईचे वाळवणाचे दिवस. तिचे माहेर सोनाळ्याचे, सातपुड्याच्या पायथ्याचे, आणि तिकडच्या बायकांचा सरगुंड्यांवर हात. गव्हाची कणीक घट्ट मळायची, तिची बोटाएवढी पट्टी बारीक काडीभोवती गुंडाळायची, काडी ओढून घ्यायची; मागे पोकळ, वळणदार नळी राहते. ती वाळवायची, डब्यात भरायची आणि आंबे आले की शिजवून रसाबरोबर खायची. आई ओट्यावर बसून सकाळभर काड्या ओढायची आणि तिच्या काचेच्या बांगड्या एकसारख्या किणकिणत राहायच्या. आज माझ्या समोरच्या फ्लॅटमधली सून पाकिटातला पास्ता उकडते आणि मला बोलावून दाखवते, की मावशी, हा इटलीचा प्रकार. मी म्हणते, असेल.

मासळी उपवासकाळात चालते, असा नियम आहे. समुद्राकाठच्या लोकांसाठी ती सोय असणार. आमच्याकडे मासळी म्हणजे झिंगे. आठवडी बाजारात एक म्हातारी गोणपाटावर त्या वाळक्या, तांबूस झिंग्यांचा ढीग लावून बसायची. आई तव्यावर तेलाचे बोट फिरवून ते भाजायची, लसूण आणि लाल मिरची घालून कुटायची. भाकरीबरोबर त्याहून चांगले काही मी पुढे कुठल्याही हॉटेलात खाल्ले नाही. पण त्याचा वास स्टँडपर्यंत जायचा. शेजारचे लोक दारे लावून घ्यायचे आणि आम्ही आमची लावायचो. झिंग्यांचा डबा सैपाकघराच्या खुंटीवर टांगलेला असे, आणि कोणी बरा माणूस येणार असला की बाबा म्हणायचे, "थो डबा हालव आधी."

फादर समुद्राकाठचे होते. माणूस उंच, आवाज मोठा, आणि मराठी अशी स्वच्छ की आम्हाला ती पुस्तकातून येते असे वाटायचे. त्यांचे प्रत्येक दुसरे वाक्य "आमच्याकडे" या शब्दाने सुरू व्हायचे. आमच्याकडे मांडवाखाली हजार माणसे गुडघे टेकतात. आमच्याकडे उपवासकाळात चाळीसही दिवस घरात मांस येत नाही. ते ऐकून आमची अकरा कुटुंबे माना हलवायची. नियमाने मांस वर्ज्य राखेच्या बुधवारी आणि शुक्रवारी असते, हे मी खूप पुढे वाचले. तोवर बाबा चाळीस दिवसांचे हिशेब देऊन देवाघरी गेले होते.

मी चौदा वर्षांची होते त्या वर्षी राखेच्या बुधवारी फादरांनी एकेकाला उभे करून विचारले, या उपवासकाळात तू काय सोडणार? बाबांनी तंबाखू सोडली. आईने चहातली साखर सोडली, आणि आमच्या चहात गूळ असतो हे कुणी काढले नाही. माझी मोठी बहीण अग्नेस हिने वेणीतली रिबीन सोडली. मग फादर माझ्याकडे वळले.

"लुसी, तू?"

"मी गोड सोडतो," मी म्हटले. आमच्याकडे बायाही असेच बोलतात.

"घरात गोड असतं?"

"नसते. म्हणूनच जमन."

बाया पदराआड हसल्या. फादर हसले नाहीत. आदल्याच रविवारी त्यांनी बायबलच्या वाचनात लूकच्या जागी मार्क म्हटले होते आणि मी बाकावरून ते सांगितले होते. बाबांनी त्याबद्दल घरी माझ्या पाठीत दोन घातले होते, पण फादरांचे समाधान तेवढ्याने झाले नसावे.

"तू मोठ्यांच्या चुका काढायचं सोड," ते म्हणाले. "चाळीस दिवस. उलट उत्तर नाही, शहाणपण नाही. जमेल?"

"जमन," बाबांनी माझ्या वतीने सांगितले.

अग्नेस माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती मॅट्रिक झाली होती, आमच्या मंडळीतली पहिली मुलगी, आणि तिला नर्स व्हायचे होते. हे तिने कुणाकडून उचलले माहीत नाही. लहानपणापासून बाबांचे मनगटी घड्याळ मागून घ्यायची आणि गल्लीभर नाड्या मोजत फिरायची. माणसे कंटाळली तेव्हा तिने शेजारच्या शेळीची नाडी मोजली आणि ती जास्त आहे म्हणून शेजारणीला काळजीत टाकले. आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून माझ्या धडधाकट पायाला बांधायची. मी हलले की डोळे वटारायची: "चूप बस व, तुह्यं हाड मोडलं हाय." "कोठी मोडलं?" "मोडलं म्हनलं ना. नर्स कोन हाय, तू का मी?" पट्टी मात्र अशी बसायची की दिवसभर सुटायची नाही.

दूरच्या एका जिल्ह्यात मिशनचा मोठा दवाखाना होता, त्याला जोडून नर्सिंगची शाळा. दर मंडळीला तिथे एक जागा मिळे, वर्षाला नव्हे, बिशपांच्या मनात येईल तेव्हा. त्या वर्षी ती आमच्या मंडळीला मिळायची होती. मुलगी ठरवायला खुद्द इटलीचे एक म्हातारे पाद्री फिरणार होते, कारण दवाखाना त्यांच्या गावच्या देणग्यांवर चालायचा. मेहकरला ते दुपारी जेवायला थांबणार होते, आणि फादरांच्या मुक्कामाच्या खोलीत साधी चूलही नसल्यामुळे जेवण आमच्या घरी ठरले. बाबा आठ दिवस जमिनीला पाय लावून चालले नाहीत. भिंतींना चुना झाला. कुठल्याशा लग्नातला कोट उन्हात टाकला गेला. अग्नेसने पांढरे पातळ रोज धुतले, रोज वाळवले, आणि नेसले एकदाही नाही.

फादर आदल्या दिवशी मॅकरोनीचे पाकीट घेऊन आले. पुण्याहून मागवले होते. आईने कात्रीने कोपरा कापला, चार नळ्या हातावर घेतल्या आणि मला हाक मारली. "लुशे, पाय तं. हे तं सरगुंडे हायत!"

"ही मॅकरोनी आहे," फादर म्हणाले. "नीट ऐका बाई. पाहुण्यांचं पोट तुमच्याकडच्या तिखटानं बिघडलंय. दहा दिवस झाले, छातीत जळजळ, घास उतरत नाही. त्यांना त्यांच्या देशाचं काहीतरी द्यायचं. उपवासकाळ आहे, म्हणजे मांस नाही. तेव्हा समुद्राची चव. अगदी साधं आहे. मॅकरोनी उकडायची. तेलात लसूण परतायचा. आणि सोडे टाकायचे."

"सोडा?" आई म्हणाली.

"सोडे. मिळतात ना इथे?"

"मियते तं. किराण्यात मियते."

"किराण्यात?" फादरांना आश्चर्य वाटले. "मला वाटलं नव्हतं, या भागात. छान. मूठभर टाका."

"मूठभर?"

"त्याच्याशिवाय चवच येणार नाही. हात आखडू नका."

आईने बाबांकडे पाहिले. बाबांनी डोळ्यांनीच तिला गप्प बसवले. तरी ती धीर करून म्हणाली, "फादर, आमी चिमूटभर टाकतो. दाय शिजाले."

"डाळीत?" फादर म्हणाले. "करून बघायला हवं कधीतरी. पण इथे मूठभर. आधी थोडा वेळ पाण्यात भिजवा. आणि बाई, जास्त शंका नकोत. मी सांगतो तसं करा."

सोडे म्हणजे काय, हे त्या खोलीत दोन माणसांना माहीत होते. एक फादर. दुसरी मी. शाळेच्या कपाटात कव्हर गेलेला एक दिवाळी अंक होता. त्यात सोड्याच्या खिचडीची कृती होती. आमच्या मराठीच्या बाई कोकणातल्या. त्यांना मी विचारले होते, सोड्याची कसली खिचडी? त्या पोटभर हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, सोलून वाळवलेली कोलंबी. तुमचे ते झिंगे असतात ना, त्यांची थोरली बहीण." म्हणजे फादरांना जे हवे होते त्याची धाकटी बहीण त्याच क्षणी त्यांच्या डोक्यावर दोन हात अंतरावर खुंटीला टांगलेली होती.

फादर गेले आणि बाबांनी पहिले काम केले ते डबा काढायचे. "याचा वास रायला तं इज्जत जाईन," म्हणाले, आणि झिंग्यांचा डबा गोणपाटात गुंडाळून देवळामागच्या शेडमध्ये सरपणाखाली ठेवून आले. मग मला किराण्यात पाठवले. मी खायच्या सोड्याची पुडी घेऊन आले. येताना रस्ताभर ती पुडी माझ्या हातात होती आणि तोंडात बाईंचे ते वाक्य होते, हे मला लख्ख आठवते. घरी येऊन पुडी आईच्या हातात दिली. वाक्य दिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने सोडा वाटीत भिजत घातला. थोड्या वेळाने वाटीत डोकावली. "मायबाई! हा तं इरघयला." पुन्हा घातला. पुन्हा विरघळला. मग तिने ठरवले की इटलीत असेच असेल. "तिकडच्या लोकायचं पोट येगळं असन," ती पातेल्याला सांगत होती. अग्नेस चुलीशी उभी होती, पांढऱ्या पातळाला ठिणगी लागू नये म्हणून पदर खोचून. तिने आईच्या हातातल्या वाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाली, "लुशे, तू एवढं वाचतं. खरं सांग, याच्यात सोडा टाकतेत का व?"

मी खिडकीत बसले होते. म्हटले, "मोठ्यायच्या चुका काढाच्या नाईत. मी सोडलं हाय थे."

"आता शानपना नोको करू. सांग ना."

"थेच तं. शानपना नाई कराचा."

तिने नाक मुरडले आणि पुन्हा चुलीकडे वळली. आईने वाटी पातेल्यात उपडी केली.

माझे व्रत होते, असे मी पुढे कितीतरी वर्षे स्वतःला सांगत आले. व्रताचा मला काडीचा आदर नव्हता. त्या चाळीस दिवसांतच मी ते घरात दहा वेळा मोडले असेन. मला फादरांची फजिती पाहायची होती. तो उंच माणूस पहिला घास घेईल, त्याचा चेहरा साबण खाल्ल्यासारखा होईल, त्याला पाहुण्यासमोर काही बोलता येणार नाही, आणि मी दारात हात बांधून उभी असेन, व्रतस्थ. अग्नेसची जागा त्याच ताटात वाढली जाणार आहे, हे मला कळत होते का? चौदा वर्षांच्या मुलीला कळते. तिने एका बाजूला ठेवून द्यायचे ठरवले तर ते एका बाजूला राहतेही.

पातेल्यात फेस आला. मॅकरोनी आधी पिवळी झाली, मग फुगली, मग तिच्या नळ्या मिटल्या, आणि आईने झारा घातला तेव्हा झाऱ्यावर काही राहिले नाही. तिने ते फडक्यातून गाळले, दोनदा धुतले, चव घेतली आणि थुंकली. मग चिंचेचे पाणी ओतले. पातेले दुधासारखे वर चढले आणि उतू गेले. बाबांनी दारातून ते पाहून छातीवर क्रूस केला. दुसरे पाकीट नव्हते आणि बाहेर मोटार थांबल्याचा आवाज आला होता. आईने त्या गोळ्यावर लसणाचे तेल ओतले, वरून कोथिंबीर पेरली. तो प्रकार आमच्याकडच्या घाट्यासारखा, पिठाच्या दाट पेजेसारखा दिसत होता, रंग जरा हळदीचा. बाबांना मात्र त्या गडबडीतही एक गोष्ट सुचली. आईला म्हणाले, "इचारलं तं अग्नेसनं केलं म्हनजो. पोरीच्या हाताले गुन हाय हे दिसलं पायजे."

पाहुणे बारीक, वाकलेले, कोकराच्या चेहऱ्याचे म्हातारे होते. खुर्चीवर बसताच त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि वरची-खालची कवळी काढून त्यात गुंडाळून ठेवली. हिरड्यांना फोड आले होते, असे फादरांनी बाबांना समजावले. मी दारात उभी होते. अग्नेसने वाढले. म्हाताऱ्याने चमचा तोंडात घातला, गिळला आणि डोळे मिटले. दुसरा घेतला. तिसरा घेतला. मग एक असा ढेकर दिला की बाहेरचा ड्रायव्हर वळून पाहू लागला. दहा दिवसांच्या मिरचीवर पडलेला तो पहिला सोडा होता. म्हाताऱ्याने छातीवरून हात फिरवला, आमच्या चुना दिलेल्या भिंतींकडे लहान मुलासारखे पाहिले आणि आणखी मागितले.

फादर आपल्या ताटात चमच्याने काहीतरी शोधत होते. आई जवळ आली तसे दातांमागून म्हणाले, "बाई, सोडे कुठायत?"

"टाकले ना फादर. मूठभर. थेच इरघयले."

मी त्या क्षणाची वाट पाहिली होती आणि तो मला मिळाला. फादरांच्या चेहऱ्यावर सारे एकामागून एक उमटले: किराणा, डाळ, चिमूट, भिजवणे. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण तेवढ्यात म्हाताऱ्याने त्यांचा दंड धरून काहीतरी विचारले, आणि फादरांनी श्वास घेतला, पाठ ताठ केली आणि त्या गंभीर, देवळातल्या आवाजात इंग्रजीत उत्तर दिले. मला त्यातले दोन शब्द कळले. एक "लोकल". दुसरा "ट्रॅडिशनल". माझी फजिती तिथेच संपली. म्हणजे त्यांची व्हायची ती.

हे कुणी केले, असे विचारल्यावर आईने अग्नेसकडे बोट दाखवले, मग म्हातारा तिच्याकडे पाहून बराच वेळ बोलला. तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. मी पाहिले, तिचा अंगठा सवयीने त्याच्या मनगटावर गेला होता, नाडीवर. फादरांनी सांगितले, "पाहुणे म्हणतात, हे हात आजाऱ्यांसाठीच घडलेत. अग्नेसला दवाखान्यात घेऊ." बाबा रडले. आईने पदर तोंडाला लावला. त्या दुपारी बाबांनी प्रार्थनेची वेळ नसताना रुळाचा तुकडा बडवला आणि स्टँडवरची माणसे पळाली.

पत्र ईस्टरनंतर आले. सुंदर पत्र होते, वर क्रूस, खाली दोन सह्या. पुष्कळ प्रार्थनेनंतर आणि ईश्वराची योजना ओळखून कुमारी अग्नेस हिला दवाखान्याच्या स्वयंपाकघरात मदतनीस म्हणून बोलावण्यात येत होते. रुग्णांच्या मऊ आहाराकडे तिने विशेष लक्ष द्यावे. बाबांनी ते तीनदा वाचले. फादरांना विचारायला गेले तेव्हा फादर म्हणाले, नर्सिंगची जागा एका अधिक गरजू मुलीला गेली, आणि सेवा ही सेवाच असते, मास्तर. आई म्हणाली, "आधी आत तं जाऊ दे. मंग होईन नर्स. उंबरठा तं थोच हाय ना?" अग्नेसने पांढरे पातळ पेटीत सर्वांत खाली घातले आणि ती चिखलीच्या गाडीत बसली.

ती नाताळला आली तेव्हा हातांना कांद्याचा वास होता आणि डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग. तिथे मुली पांढऱ्या टोप्या घालून व्हरांड्यातून जातात, ती सांगत होती, आणि ती खिचडीची गाडी ढकलत त्यांच्या मागून जाते. एका पेशंटची नाडी धरली म्हणून सिस्टर रागावल्या होत्या. आई बाहेर गेली तेव्हा मी तिला सांगितले. दिवाळी अंक, कोकणातल्या बाई, झिंगे, सगळे. मला वाटले होते ती मारेल. मला ते चालले असते.

ती तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "मी तुले इचारलं होतं."

"व्रत होतं."

"साऱ्या जिंदगीत एक व्रत पायलं तू," अग्नेस म्हणाली. "नेमकं थेच?"

त्यानंतर ती माझ्याशी नेहमीसारखीच वागली. माझ्या लग्नात तीन दिवस सैपाक केला, माझ्या मुलांना न्हाऊ घातले, आई-बाबांची शेवटची दुखणी काढली. दोघांच्याही नाड्या तिने धरल्या होत्या आणि डॉक्टर यायच्या आधी तिला कळले होते. मला मात्र तिने पुन्हा कधी काही विचारले नाही. कुठल्या शब्दाचा अर्थ नाही, पत्ता नाही, बसची वेळ नाही. मी शिक्षिका झाले, पस्तीस वर्षे मुलांच्या चुका काढल्या आणि त्याबद्दल पगार घेतला. आता उपवासकाळात शुक्रवारी कधी मी मॅकरोनी करते. सोडे मागवून, भिजवून, लसणावर परतून, फादरांनी सांगितले तश्शी. चांगली होते. अग्नेस माझ्याकडे राहायला आल्यापासून तिलाही वाढते. ती सोडे बोटाने ताटाच्या कडेला सारते आणि नुसत्या नळ्या खाते. आवडत नाहीत का, हे मी विचारत नाही.

ती निवृत्त झाली तेव्हा दवाखान्याने समारंभ केला. मांडव, शाल, श्रीफळ, नर्सिंगच्या मुलींचे स्वागतगीत. तीन वक्ते झाले. एकाने तिला अन्नपूर्णा म्हटले आणि मग आपण कुठे आहोत हे आठवून बायबलमधली, पाहुण्यांसाठी राबणारी मार्था म्हटले. दुसऱ्याने सांगितले की ईश्वर प्रत्येकाला त्याच्या नेमक्या जागी नेमतो, आणि अग्नेसबाईंची जागा त्यानेच निवडली होती. टाळ्या झाल्या. अग्नेस शालीखाली घामाने भिजली होती. जेवणाला वेळ होता म्हणून मी नर्सिंग शाळेच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाला म्हटले, मला एका जुन्या विद्यार्थिनीचे नाव हवे आहे, मेहकरच्या जागेवर आलेली, अमुक वर्षी. मला त्या अधिक गरजू मुलीचे नाव पाहायचे होते. इतकी वर्षे मी मनात तिच्याशी भांडत होते. मुलगा भला होता. त्याने शिडी लावून जुने रजिस्टर काढले, धूळ झटकली, पान उलटले आणि बोट फिरवत खाली आला.

मेहकरसमोर कुणाचेच नाव नव्हते. त्या वर्षी ती जागा रिकामी राहिली होती.